ब्रेल नोटटेकर: कार्ड ओळखत नाही, नोट्स सेव्ह होत नाहीत, फाइल उघडली तर रिकामी

विशेष शिक्षिका, दिग्रस

नमस्कार मंडळी. बारावी कला शाखेतल्या एका अंध विद्यार्थिनीच्या 20 सेलच्या ब्रेल नोटटेकरबद्दल (ब्रेलमध्ये लिहिण्या-वाचण्याचं यंत्र, एका वेळी 20 ब्रेल अक्षरं उठवणारं) विचारायचं आहे. यंत्राला स्वतःची मेमरी नाही, जे काही आहे ते एसडी कार्डावर. सोबत आलेलं कार्ड 16 जीबीचं आहे. आता बाजारातून 64 जीबीचं मायक्रो कार्ड आणि त्याचा अडॅप्टर असा जोड आणला आहे. अडचणी अशा:

1. नवं 64 जीबीचं कार्ड घातलं की "कार्ड नाही" असंच दाखवतं. जुनं लगेच ओळखतं.
2. जुन्या कार्डावरचं वाचता येतं, पण नोट सेव्ह कधी होते, कधी होत नाही.
3. इतिहासाच्या फोल्डरमधल्या काही फाइली उघडल्या तर रिकाम्या. दोन-तीन फाइलींच्या नावात भलतीच अक्षरं.
4. सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवरून टाकलेली मराठी टेक्स्ट फाइल उघडली की अर्थ नसलेली टिंबं उठतात.

घरी कॉम्प्युटर नाही. गावात आपले सरकार सेवा केंद्राचा एक विंडोज कॉम्प्युटर आहे, आणि टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून सांगणारी सोय) लावलेला अँड्रॉइड फोन आहे. केंद्रवाले म्हणतात, "फॉरमॅट मारून टाका." वर्षभराच्या नोट्स त्या एकाच कार्डावर आहेत आणि बोर्डाची परीक्षा जवळ आली आहे. मेमरी भरली असेल का? फॉरमॅट करावं का?

सहा टिंबं, अमरावती

ताई, आत्ता फॉरमॅट करू नका. आणि जुन्या कार्डावर नवीन काहीही लिहू नका, एक ओळसुद्धा नाही. फाइल दिसेनाशी झाली तरी तिचा मजकूर बहुतेक वेळा कार्डावर तसाच पडलेला असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मात्र तो कायमचा गेला. म्हणून कार्ड यंत्रातून काढा आणि त्याची कुलूपपट्टी लावून ठेवा.

कुलूपपट्टी हाताने अशी शोधायची: कार्डाची तांब्याच्या पट्ट्यांची बाजू खाली आणि पट्ट्या असलेलं टोक तुमच्यापासून लांब धरा. कापलेला कोपरा वर उजव्या हाताला येतो. आता डाव्या कडेवर बोट फिरवा, एक बारीक सरकपट्टी लागेल. ती पट्ट्यांच्या टोकाकडे असेल तर कार्ड उघडं, तुमच्याकडे ओढलेली असेल तर बंद. बंद कार्डावरचं वाचता येतं, लिहिता येत नाही.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं कारण बहुधा हीच पट्टी आहे. जुन्या कार्डाची ही पट्टी सैल होते. कार्ड खाचेत सरकवताना कडेला घासून ती अर्धवट मागे जाते आणि यंत्र लिहायला नकार देतं. पुढच्या वेळी कार्ड घालताना ती जागेवर राहिली तर सेव्ह होतं, म्हणूनच "कधी होते, कधी नाही". कार्डावरचं काम संपल्यावर पट्टी उघड्या बाजूला नेऊन त्या खाचेवर पातळ सेलोटेपचा लहान तुकडा लावा. तुकडा कडेला नीट दाबून बसवा, तांब्याच्या पट्ट्यांवर येऊ देऊ नका, नाहीतर कार्ड आत अडकेल.

64 जीबीचा मामला वेगळा. 2 जीबीच्या वर 32 जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी प्रकारची, ती कारखान्यातून फॅट32 रचनेत (फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत) येतात. 32 च्या वरची एसडीएक्ससी, ती एक्सफॅट रचनेत येतात. ऑर्बिट रीडर 20 सारख्या यंत्रांना 32 जीबीपर्यंतचंच कार्ड आणि फॅट32 रचना लागते. एक्सफॅट वाचता आलं नाही की यंत्र "कार्ड नाही" म्हणतं. कार्ड खराबच आहे असं नाही, यंत्राला त्याची रचना कळत नाही. ते फोनला वापरा.

मेमरी भरल्याची शंका काढून टाका. ब्रेलचं एक पान म्हणजे 40 सेलच्या 25 ओळी, म्हणजे 1000 अक्षरं. ओळ संपल्याच्या खुणा धरूनही एक पान साधारण 1 केबीच होतं. 200 पानी छापील पुस्तकाची ब्रेलमध्ये 500 पानं धरली तरी फाइल अर्धा एमबी. 16 जीबीच्या कार्डावर अशी तीस हजार पुस्तकं मावतील. जागा खातो तो आवाज: 64 केबीपीएसच्या डेझी ऑडिओला (अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांचा प्रकार) तासाला जवळपास 29 एमबी लागतात, म्हणजे दहा तासांचं पुस्तक 290 एमबी. कार्डावर बोलकी पुस्तकं नसतील तर ते मजकुराने भरणं शक्य नाही. मोठं कार्ड घेण्यातही म्हणून काही अर्थ नाही.

तालुका संगणक, पुसद

64 जीबीच्या कार्डाला वेगळ्या टूलने फॅट32 करता येतं की. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत 32 जीबीच्या वर तो पर्याय दिसत नाही, पण बाहेरचे फुकट प्रोग्राम ते करतात. मग बऱ्याच यंत्रांत ते कार्ड चालूनही जातं. नवं कार्ड वाया का घालवायचं?

सहा टिंबं, अमरावती

चालून जातं, हे खरं. पण यंत्र बनवणाऱ्यांनी 32 ची मर्यादा सांगितली असताना बोर्डाच्या नोट्स त्यापलीकडच्या कार्डावर ठेवू नयेत. शिवाय हे मायक्रो कार्ड अडॅप्टरमध्ये बसवलेलं आहे, म्हणजे एकाऐवजी दोन ठिकाणी संपर्क. पिशवीत हिंदकळून अडॅप्टरमधलं कार्ड केसभर हललं आणि नेमकं तेव्हा सेव्ह चालू असलं तर फाइल अर्धी राहते. अडॅप्टर नको, पूर्ण आकाराचं 16 किंवा 32 जीबीचं कार्ड घ्या.

आणखी एक. खुल्या बाजारात स्वस्तात मिळणारी बरीच कार्डं नकली असतात. आत 8 जीबी असतात आणि कॉम्प्युटरला 64 सांगतात. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं. फाइलचं नाव दिसतं, आकार दिसतो, आत मात्र काहीच नाही. नवं कार्ड वापरण्याआधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा फुकट प्रोग्राम चालवा. तो रिकामं कार्ड पूर्ण भरतो आणि भरलेलं परत वाचून पडताळतो. 16 जीबीला वेळ लागतो, केंद्रात गर्दी नसताना लावून ठेवा. शेवटी चूक दाखवली तर कार्ड दुकानदाराला परत.

तालुका संगणक, पुसद

पटलं. मग जुन्या कार्डावरच्या रिकाम्या फाइलींचं मी सांगतो, ते काम केंद्राच्या कॉम्प्युटरवर होईल. आज्ञा इथे अक्षर सुटं करून लिहितो, म्हणजे एनव्हीडीएवर (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम) ऐकूनही टाइप करता येतील.

पहिलं काम कॉपी. कार्ड कुलूप लावूनच रीडरमध्ये घाला. केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये शॉर्टकट व्हायरस असण्याची शक्यता मोठी असते, कारण दिवसभर शंभर लोकांचे पेनड्राइव्ह तिथे लागतात. कुलूप असलं की व्हायरसला कार्डावर लिहिता येत नाही. (एखादा हलका रीडर कुलूप मानतच नाही. म्हणून आधी कार्डावर एखादं रिकामं फोल्डर तयार करायचा प्रयत्न करा. "राइट प्रोटेक्टेड" असं म्हणाला तर ठीक, फोल्डर झालं तर लगेच कार्ड काढा आणि दुसरा रीडर आणा.) विंडोजने "वापरण्याआधी फॉरमॅट करा" असं विचारलं तर एस्केप दाबा. एंटर दाबलं तर फॉरमॅटची खिडकी उघडेल.

आता कार्डावरचं सगळं डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये कॉपी करा. एखाद्या फाइलपाशी अडलं तर "स्किप" करून पुढे जा. त्या फोल्डरची झिप करून स्वतःच्या ईमेलला पाठवा. मजकूर असल्यामुळे वर्षभराच्या नोट्स काही एमबीच्या पुढे जात नाहीत. झिप पोचली आणि फोनवर उघडली याची खात्री झाली की मगच पुढे.

आता कार्ड काढा, कुलूप उघडा, परत लावा. कार्डाला मिळालेलं ड्राइव्हचं अक्षर बघा, समजा ई. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, सी एम डी टाइप करून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबा, परवानगी विचारली तर हो म्हणा. काळ्या खिडकीत चेकडिस्कची आज्ञा:

सी एच के डी एस के, स्पेस, ई, कोलन, स्पेस, स्लॅश, एफ, एंटर.

तुटलेल्या साखळ्या, म्हणजे नोंद हरवलेले मजकुराचे तुकडे, सापडल्या तर त्यांच्या फाइली करायच्या का, असं तो विचारतो. वाय दाबून एंटर. हे नीट वाचा: एन दाबलं तर ते तुकडे मोकळी जागा म्हणून सोडून दिले जातात आणि इतिहासाच्या नोट्स त्यातच असू शकतात. वाय दाबल्यावर कार्डावर "फाउंड डॉट 000" नावाचं फोल्डर तयार होतं. ते लपलेलं असतं. आत "फाइल0000" अशा नावाच्या, सीएचके शेपटीच्या (नावातल्या डॉटनंतरच्या अक्षरांच्या) फाइली असतात.

फाइली गायब आणि त्यांच्या जागी सगळे शॉर्टकट असं दिसलं तर व्हायरसने मूळ फाइली लपवल्या आहेत, त्या तिथेच असतात. "फाउंड" फोल्डर उघडं करायलाही हीच आज्ञा:

ए टी टी आर आय बी, स्पेस, वजा एच, स्पेस, वजा आर, स्पेस, वजा एस, स्पेस, ई, कोलन, बॅकस्लॅश, तारा, डॉट, तारा, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी, एंटर.

मग शॉर्टकट तेवढे डिलीट करा. शॉर्टकट उघडून पाहू नका, तो उघडल्यानेच व्हायरस चालू होतो.

हे असं का होतं तेही सांगतो. फॅट32 मध्ये फाइलचा मजकूर एकीकडे आणि तो कुठे आहे याची नोंद दुसरीकडे, दोन वेगवेगळ्या जागी लिहिली जाते. मजकूर लिहून झाला, नोंद व्हायच्या आत कार्ड ओढलं किंवा बॅटरी गेली की यंत्राच्या लेखी फाइल शून्य आकाराची राहते. म्हणून नाव दिसतं आणि आत काही नाही. चेकडिस्क त्या बिननोंदीच्या मजकुराला नवं नाव देऊन वर काढतो.

धारणीचा वाचक

ताई, मी फोनवरचं सांगतो, काहून की खेड्यात फोनच जवळ राहते. कार्ड रीडर आन् ओटीजी केबल (फोनले बाहेरचं यंत्र जोडाची) घ्या, किंवा थेट टाइप सी चा रीडर घ्या. कार्ड लावलं की "फाइल्स" ॲपमध्ये दिसते. फोल्डर निवडून फोनमध्ये कॉपी करा, मंग ड्राइव्हवर टाका नाही तं व्हॉट्सॲपवर स्वतःलेच डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रोजच्या बॅकअपले सेवा केंद्राची गरजच पडत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. कार्ड फोनच्या आतल्या खाचेत घातलं आन् फोननं विचारलं की "फोन स्टोरेज म्हणून वापरू का पोर्टेबल", तं पोर्टेबलच निवडा. फोन स्टोरेज केलं तं फोन कार्ड पुसून त्याले असं कुलूपबंद करते की दुसऱ्या कोणत्याच यंत्रात वाचता येत नाही. दुसरं, काढायच्या आधी वरची सूचनांची पट्टी ओढून "इजेक्ट" करा.

नवं 16 नाही तं 32 जीबीचं कार्ड फॉरमॅट करायचं असन तं फोनवर पण होते, इतक्या आकाराले फोन फॅट32 च करते. 64 ले मात्र बऱ्याच फोनवर एक्सफॅट होईन, थे आपल्या कामाचं नाही.

केबल लावून यंत्र कॉम्प्युटरले जोडत असान तं केबल तपासा. चार्जरसोबतच्या हलक्या केबलीत नुसत्या करंटच्या दोन तारा असतात, डाटाच्या नसतात. चार्जिंग होते पण कार्ड काही दिसत नाही, आन् माणूस यंत्रालेच दोष देते. आन् केबल जोडून कार्ड कॉम्प्युटरले दिलं असलं की काम झाल्यावर "सेफली रिमूव्ह" केल्याशिवाय केबल ओढू नका. लाइन गेली आन् कॉम्प्युटर बंद पडला तरी तसंच नुकसान होते. लोडशेडिंगच्या टायमाले कार्डावर काही टाकू नका.

कापसाच्या हंगामात घरात रुई उडते, पावसाळ्यात ओल. कार्डाच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडानं पुसा, पूर्ण वाळू द्या. खाचेत काडी, पिन काही घालू नका, आतल्या स्प्रिंगा वाकतात. खाच उघडी ठेवू नका, कार्ड आतच राहू द्या.

विशेष शिक्षिका, दिग्रस

मनापासून आभार. कुलूपपट्टी खरंच सैल निघाली. बॅकअप ईमेलवर पोचला आहे. चेकडिस्कने सीएचके फाइली काढून दिल्या. त्या नोटपॅडमध्ये उघडल्या तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, मराठी नाही. म्हणजे गेल्या का? आणि चौथा प्रश्न राहिला.

सहा टिंबं, अमरावती

गेल्या नाहीत, उलट शाबूत आहेत. बीआरएफ फाइलमध्ये प्रत्येक ब्रेल सेलसाठी एक इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवतात. "नमस्कार" हा शब्द नोटपॅडमध्ये एन, एम, ॲट, एस, के, ग्रेटर दॅन, आर असा दिसतो. ॲटचं चिन्ह म्हणजे टिंब 4, भारती ब्रेलमधला हलन्त, जो जोडाक्षरात त्या व्यंजनाच्या आधी येतो. ग्रेटर दॅन म्हणजे टिंबं 3, 4, 5, म्हणजे आ. अशी अक्षरं दिसत असतील तर फाइलची शेपटी सीएचके ऐवजी बीआरएफ करा आणि यंत्रावर उघडा. विंडोज शेपट्या लपवून ठेवत असेल तर आधी व्ह्यू मेनूत "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करा, नाहीतर नाव बदलेल आणि शेपटी तीच राहील. एका सीएचके फाइलीच्या शेवटी दुसऱ्याच नोटचा तुकडा असू शकतो, तो विद्यार्थिनीनेच वाचून वेगळा करावा. पूर्ण कोरी निघाली ती फाइल मात्र गेली.

चौथ्या तक्रारीत फाइल खराब नाही. ती देवनागरी युनिकोडमध्ये आहे. त्यात एक अक्षर तीन बाइटांचं असतं, आणि साधं यंत्र त्या प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजून टिंबं उठवतं. अशी फाइल आधी ब्रेलमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागते. डक्सबरी किंवा लिबलुईवर (दोन्ही ब्रेल रूपांतराची साधनं) चालणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल, त्यात मराठीचा तक्ता निवडायचा आणि बीआरएफ म्हणून सेव्ह करायचं. ओळीची लांबी 20 सेल ठेवली तर शब्द मध्येच तुटत नाही. सुगम्य पुस्तकालयात (अंधांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय) पुस्तक बीआरएफमध्ये मिळत असेल तर हा खटाटोपच नको.

फाइलींची नावंही देवनागरीत ठेवू नका. इंग्रजी लहान अक्षरं आणि आकडे, आठ अक्षरांच्या आत.

तालुका संगणक, पुसद

यापुढची मांडणी: दोन कार्डं ठेवा. एक पुस्तकांचं, त्याला कायम कुलूप. केंद्रात तेच न्यायचं, आणि पुस्तक टाकतानाच तेवढं उघडायचं. दुसरं नोट्सचं, ते केंद्रात कधीच जायचं नाही, त्याचा बॅकअप फक्त फोनवर. दोन्ही हाताने ओळखू येतील असं करा. पुस्तकांच्या कार्डाच्या लेबलवर, मागच्या टोकाला, ब्रेल पट्टीचा एक तुकडा चिकटवा, तो खाचेच्या बाहेर राहायला हवा. कार्ड पूर्ण आत जाणारं असेल तर खूण कार्डावर नको, डबीवर करा.

नोट्सची फाइल लांबवत नेऊ नका. मधे एक ओळ घातली की तिच्यापुढचा सगळा मजकूर नव्याने लिहावा लागतो. फाइल मोठी तितका सेव्हला वेळ जास्त आणि तितकाच धोका जास्त. धड्याला एक फाइल, विषयाला एक फोल्डर. सगळं मूळ फोल्डरमध्ये ओतलं की यंत्राला दर वेळी सगळी यादी चाळावी लागते आणि ते अडकल्यासारखं वाटतं. मग घाईने बंद केलं जातं, आणि तिथेच फाइल बिघडते.

विशेष शिक्षिका, दिग्रस

एक शेवटचं. जुनं कार्ड आता फॉरमॅट करून तेच वापरू का, की बदलू?

सहा टिंबं, अमरावती

सगळ्या फाइली दुसरीकडे उघडून पाहिल्या असतील तर एकदा पूर्ण फॉरमॅट करा. "क्विक फॉरमॅट" वरची खूण काढून फॅट32 निवडा. यात विंडोज कार्डाचा प्रत्येक भाग तपासतो, म्हणून बराच वेळ लागतो. न अडता पूर्ण झालं तर ते पुस्तकांसाठी ठेवा, नोट्ससाठी नवं घ्या. मध्येच "पूर्ण करता आलं नाही" म्हणाला, किंवा महिन्याभरात चेकडिस्कला परत तुटलेल्या साखळ्या सापडल्या, तर ते कार्ड बाद समजा.

धारणीचा वाचक

नवं कार्ड आलं की पह्यले त्यावर एक खोटी नोट लिहा, सेव्ह करा, यंत्र बंद करा, कार्ड काढून परत घाला आन् वाचून पाहा. मंग फोनले लावून तीच फाइल उघडते का थे पाहा. दोन्हीकडे बरोबर दिसली की मंगच इतिहासाच्या नोट्स त्यावर टाका.